पत्रा वाकवण्याआधी

मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. यंत्रांशी माझा संबंध रविवारपुरता. भोसरीच्या एमआयडीसीत माझ्या थोरल्या भावाचा, भाईजानचा, भाड्याचा गाळा आहे. मसाले, पिठं, फरसाणाची कोरडी मिश्रणं कालवणारी स्टीलची यंत्रं तिथे बनतात, आणि ऑर्डर आल्यावरच बनतात. कोटेशनची पत्रं, यंत्राबरोबर द्यायची मराठी माहितीपुस्तिका, थकलेल्या पैशांसाठीची आर्जवं हे सगळं गेली आठ-नऊ वर्षं माझ्याकडे आहे. भाईजान फिटर. आयटीआय करून पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात अठरा वर्षं काढलेला. मायक्रोमीटर त्याच्या हातात जसा बसतो तसं पेन बसत नाही.

त्यामुळे यंत्रं मला कागदावर भेटतात. आणि कागदावर एक गोष्ट गाळ्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसते. प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन गोष्टी हव्या असतात. यंत्र त्याच्या एकट्याच्या मापाचं हवं, आणि ते पुढच्या आठवड्यात हवं. पहिली मागणी पूर्ण करायची तर ऑर्डर आल्यावर ड्रॉइंग, मग पत्रा, मग कापणी, मग वेल्डिंग. दोन महिने कुठे जातात कळत नाही. दुसरी पूर्ण करायची तर यंत्र आधीच बनवून ठेवायला हवं. पण कुणाच्या मापाचं?

या प्रश्नावर आमच्या घरात बाप-लेकात तीन वर्षं धुसफूस चालली होती. पुतण्या मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि २०२१ साली गाळ्यात येऊ लागला. त्याचं म्हणणं, चार मापं ठरवा, तीच बनवा, बनवून ठेवा, ज्याला हवं तो घेईल. भाईजानचं म्हणणं, माझ्याकडे माणूस येतो तो दुकानात मिळत नाही म्हणून. मीही दुकानच मांडलं तर तो माझ्याकडे कशाला येईल? दोघं एकाच ताटातून जेवायचे आणि एकमेकांशी भाभीमार्फत बोलायचे.

आधी यंत्र समजून घ्या, म्हणजे भांडणाचं मूळ कळेल. इंग्रजी यू अक्षरासारखी, आडव्या अर्ध्या पिंपासारखी एक लांब कुंडी असते. तिच्यात मधोमध आडवा शाफ्ट, शाफ्टवर पट्ट्यांची दुहेरी वेटोळी. बाहेरचं वेटोळं माल एका दिशेला ढकलतं, आतलं उलट दिशेला. त्या ये-जा करण्यात धणे, हळद, मिरची, मीठ एकजीव होतं. याला रिबन ब्लेंडर म्हणतात. एका टोकाला मोटर आणि गिअरबॉक्स, खाली माल काढायचं दार, वर झाकण, आणि हे सगळं पेलणारं स्टँड. बस, एवढंच. विमान नव्हे.

गिऱ्हाईक म्हणतं, शंभर किलोचा द्या. इथेच पहिली गोम. कुंडी किलोत मोजत नाहीत, लिटरमध्ये मोजतात. मिरची पूड लिटरला साधारण अर्धा किलो भरते, मीठ सव्वा किलोच्या आसपास. म्हणजे शंभर किलो मिठाला ऐंशी-पंच्याऐंशी लिटर जागा पुरते, शंभर किलो मिरचीला दोनशे लागते. शिवाय कुंडी काठोकाठ भरली तर वरचा माल नुसता गोल फिरतो, मिसळत नाही. दोन तृतीयांशाच्या आसपास भरायची असते. फार कमी भरली तर वेटोळ्याला माल लागतच नाही. हे सगळं विचारून झाल्यावर हिशेब ४३० लिटरचा येतो. भाईजान इमानेइतबारे ४३० लिटरची कुंडी काढायचा. पुतण्या कपाळाला हात लावायचा. पाचशेची दिली असती तर त्याचं काय बिघडलं असतं? खरंच काही बिघडलं नसतं. पत्रा थोडा जास्त लागला असता. पण ४३० साठी नवं ड्रॉइंग, नवी शेवटाची ताटं, नवी वेटोळी, नव्या मापाचा शाफ्ट. आणि ड्रॉइंग करणारा माणूस गाळ्यात एकच. लेथ रिकामा, वेल्डर बिडी ओढत बाहेर बसलेला, आणि सगळे त्या एका संगणकाकडे डोळे लावून. ऑर्डरप्रमाणे यंत्र बनवणाऱ्या धंद्यात टंचाई कुठली, तर या डोकं चालवण्याच्या तासांची. हे मला पुतण्यानेच दाखवून दिलं आणि ते पटलं.

पण त्याचा उपाय त्याच्याच अंगाशी आला. जानेवारी २०२२ मध्ये काम कमी होतं. मसाल्याचा हंगाम तोंडावर. माणसं बसवून पगार द्यायचा त्यापेक्षा दोनशे लिटरच्या पाच कुंड्या करून ठेवू, असं त्याने ठरवून घेतलं. पहिल्या दोन झाल्या. तेवढ्यात निकेलचा भाव पेटला. अन्नाच्या यंत्रांना लागणाऱ्या ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये आठ टक्क्यांच्या वर निकेल असतं. ८ मार्च २०२२ ला लंडनच्या धातुबाजारात निकेल टनाला एक लाख डॉलरच्या पुढे गेलं आणि बाजाराला व्यवहार थांबवावे लागले. पत्र्याचे व्यापारी रोज नवा भाव सांगत होते. आता नाही घेतला तर उद्या परवडणार नाही, या भीतीने उरलेल्या तीन कुंड्यांचा पत्रा चढ्या भावात घेतला गेला. पावसाळ्यापर्यंत भाव खाली आले. बाकीचे लोक स्वस्त पत्र्याची कोटेशनं देऊ लागले, आणि आमच्या पाच चकचकीत कुंड्या भिंतीला लागून उभ्या. त्या वर्षी येणाऱ्याला एक तर शंभरची हवी होती, नाही तर पाचशेची. दोघांना दोनशेचीच हवी होती, पण त्यांच्या मालात मीठ फार, म्हणून त्यांना ३१६ हवं होतं. त्या जातीत मॉलिब्डेनम असतं, मिठाने पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना ते टक्कर देतं. वाकवलेल्या कुंडीची जात बदलता येत नाही. शेवटची कुंडी जायला दोन वर्षं लागली.

मग भाईजानची पाळी. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या एका मसालेवाल्याने त्याच्या पद्धतीचं यंत्र मागितलं. छत बुटकं, म्हणून उंची कमी. भिंत जवळ, म्हणून दार तळाला न ठेवता टोकाला. मोटर उलट बाजूला. चाळीस टक्के ॲडव्हान्स आला. भाईजानने जीव लावून यंत्र केलं. तयार झाल्याचं पत्र मीच लिहिलं. उत्तर नाही. फोन लागतो, उचलत नाही. मग निरोप आला की भागीदारी मोडली, यंत्र नको. ते यंत्र चौदा महिने ताडपत्रीखाली होतं. कुणाला दाखवलं तर तो विचारायचा, याचं दार असं का? शेवटी टोकाचं दार बंद करून तळाला नवं कापलं, स्टँड बदललं आणि जे मिळेल त्यात दिलं. त्या वर्षी ईदला भाभीने कपडे घेतले नाहीत. तीन कामगारांचा बोनस मात्र दिला गेला, तो कशातून ते मला नंतर कळलं. तिच्या हातातल्या दोन बांगड्या कमी होत्या.

म्हणजे बापाकडे लेकाविरुद्ध पाच कुंड्या आणि लेकाकडे बापाविरुद्ध एक यंत्र, असा हिशेब बरोबरीत होता.

हे सगळं ऐकताना मला आमचे अब्बा आठवायचे. भवानी पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन मशिनं आणि एक इस्त्री. रमजान लागण्याच्या महिनाभर आधी, गिऱ्हाईक नसताना, ते कॉलर आणि कफची बकरम कापायला बसायचे. गळ्याच्या १४ पासून १७ पर्यंतच्या मापाच्या गड्ड्या. खिशाच्या आतल्या कापडाच्या पिशव्या शिवून ठेवायचे. बटणांच्या पुड्या बांधून ठेवायचे. पण गिऱ्हाइकाच्या कापडाला कात्री मात्र माप घेतल्याशिवाय आणि, हे महत्त्वाचं, थोडे पैसे हातात पडल्याशिवाय लागायची नाही. विसाव्या रोजानंतर दुकानावर पाटी लागायची, ऑर्डर बंद. चांदरातीला लोक हातापाया पडायचे. अब्बा हसून म्हणायचे, दिवसाचे तास बकरमसारखे कापून ठेवता येत नाहीत. इटलीच्या बेनेटन कंपनीने सत्तरच्या दशकात स्वेटर आधी बिनरंगी विणून ठेवायचे आणि कोणता रंग खपतो ते बघून मग रंगवायचे, असं सुरू केलं. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून ते गाजलं आहे. पुतण्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी म्हटलं, बेटा, तुझे दादा हे बकरमवर करत होते.

उर्दूच्या बाबतीतही हेच झालं आहे, फक्त तिथे माल लोखंडाचा नव्हता. देवनागरीचे खिळे पाडून ठेवता आले, जोडाक्षरांसकट. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे टाइप त्यासाठीच नावाजले. उर्दूची नस्तालीक लिपी मात्र खिळ्यांना वश झाली नाही. तिच्यात अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलतं आणि शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो. म्हणून छपाईचं युग आलं तरी उर्दू वर्तमानपत्रं कातिब बोरूने लिहायचे आणि ते लिहिलेलं पान शिळेवर उतरवून छापायचे. प्रत्येक पान म्हणजे नवी ऑर्डर. चेन्नईचं 'द मुसलमान' हे १९२७ मध्ये सुरू झालेलं दैनिक तर संगणकाच्या काळातही हाताने लिहिलं जात राहिलं. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर नूरी नस्तालीक आणली. सुटी अक्षरं न घेता त्यांनी अक्षरांच्या जोडण्याच, त्याही हजारोंनी, आधी हाताने लिहून साठवल्या. कुठे तोडायचं ते त्यांनी नेमकं ओळखलं. अक्षर फार लहान तुकडा होता, पान फार मोठा. जोडणी हा बरोबर तुकडा निघाला. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलांना झोप येते, पण पुतण्या ते ऐकून बराच वेळ गप्प बसला होता.

आधी बनवून ठेवण्याची जोखीम मोठ्या माणसांनाही चुकलेली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवणारे मास्तर. आमच्याच जातीचे म्हणा ना. त्यांनी लोखंडी नांगर केले, पण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षं गेली. किर्लोस्करवाडी पुढे १९१० मध्ये उभी राहिली. आमची शेवटची कुंडी जायलाही दोन वर्षं लागली, हे मी पुतण्याचं सांत्वन म्हणून सांगितलं. त्याला ते सांत्वन वाटलं नाही.

पुण्याच्या आसपास तर ऑर्डरप्रमाणे यंत्र बनवण्याची मोठी परंपरा आहे. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर साखर कारखान्यांची यंत्रं बनवण्यासाठी प्रसिद्ध. चिंचवडच्या थरमॅक्समध्ये ठरलेल्या मापाचे तयार बॉयलरही होतात आणि गिऱ्हाइकाच्या जागेवर उभारायचे अजस्र बॉयलरही. प्राज १९८३ पासून डिस्टिलरी आणि इथेनॉलचे प्रकल्प उभारते. साखरेच्या धंद्यात कॅलेंडरच मालक असतं. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होणार म्हणजे होणार; ऊस कुणासाठी थांबत नाही, तोडल्यापासून त्याचा उतारा घटत जातो. म्हणून दुरुस्त्या आणि नवी यंत्रं उन्हाळा-पावसाळ्यातच बसली पाहिजेत. ऊस पिळणाऱ्या रोलरचं उदाहरण मला आवडतं. पोलादी शाफ्टवर बिडाचं जाड कवच तापवून चढवतात आणि त्यावर खाचे पाडतात. रोलरची मापं बरीचशी ठरलेली, ३० बाय ६० इंच, ३३ बाय ६६ इंच अशी. खाचे मात्र कारखान्यागणिक आणि गिरणीतल्या जागेगणिक वेगळे. तेव्हा ओतकाम आधी करून ठेवावं आणि खाचे ऑर्डर आल्यावर पाडावेत, हे ज्याला सुचलं त्याचा पावसाळा सुखाचा.

पण सरकारचं कॅलेंडर साखरेपेक्षा लहरी. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं, तेव्हा टाक्या, स्तंभ, उष्णता बदलणारी यंत्रं यांच्या कामाला ऊत आला. भोसरी-चाकणचे छोटे गाळेही त्यावर चालू लागले. मग पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली, आणि ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवड्यात थोडी ढील दिली, पूर्ण बंधन उठायला ऑगस्ट २०२४ उजाडला. भाईजानच्या पलीकडच्या गाळ्यात एका भल्या माणसाने मोठ्या कंपन्यांची कामं येतीलच या भरवशावर टाक्यांची डिश एंड, म्हणजे टोकाची फुगीर ताटं, घेऊन ठेवली होती. आठ महिने त्यांवर कबुतरं बसत होती. भाईजान रोज ती ताटं बघायचा आणि काही बोलायचा नाही.

आता पैशाचं. पुतण्याला बँकेची कॅश क्रेडिट हवी होती, म्हणजे माल करून ठेवायला भांडवल येईल. भाईजान सूद देत नाही, घेतही नाही. २००६ च्या लघुउद्योग कायद्याने ४५ दिवसांत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराकडून चक्रवाढ व्याज मागता येतं. तेही तो मागत नाही, फक्त मुद्दल मागतो, माझ्या अक्षरात. यावर मत द्यायला मी मुफ्ती नाही. पण या हट्टाचा धंद्यावर होणारा परिणाम मला दिसतो. आधी करून ठेवायचं ते स्वतःच्या गाठीच्या पैशातून, म्हणजे मोजकंच. काय करून ठेवायचं ते त्यामुळे फार विचाराने निवडावं लागतं.

याच सुमारास मी सहज फिकहच्या उर्दू पुस्तकात 'इस्तिसना'चं प्रकरण वाचलं. जे अस्तित्वातच नाही ते विकू नये, हा मूळ नियम. त्याला दोन अपवाद. एक 'सलम': गहू, खजूर असा वर्णन करता येण्याजोगा ठरीव माल, किंमत आधीच पूर्ण मोजायची, माल ठरल्या दिवशी. दुसरा 'इस्तिसना': कारागिराला सांगून वस्तू बनवून घेणं, पैसे हप्त्यांनीही चालतील. हनफी ग्रंथांतली उदाहरणं चामडी मोज्यांची आणि भांड्यांची आहेत. प्रश्न असा येतो की वस्तू तयार झाल्यावर गिऱ्हाईक नको म्हणालं तर? इमाम अबू हनीफांच्या मते बघून नाकारायचा हक्क त्याला आहे. त्यांचेच शिष्य, आठव्या शतकात बगदादचे मुख्य काझी झालेले अबू युसुफ, म्हणतात की वस्तू सांगितल्याबरहुकूम असेल तर नाकारता येणार नाही. कारण? कारागिराने त्याच्यासाठी चामडं कापलं आहे. दुसऱ्याच्या पायाला ते होणार नाही. एकोणिसाव्या शतकात उस्मानी सरकारने 'मजल्ला' नावाने दिवाणी कायदा बांधला, त्यात अबू युसुफांचं मत घेतलं. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यातही पुढे बनवायच्या मालाला 'भावी माल' म्हणून जागा आहेच.

मी ते पान भाईजानला वाचून दाखवलं. तो चहा ओतता ओतता थांबला. म्हणाला, "चामडं कापायच्या आधी ते कुणाचंही असतं ना?"

"हो."

"आणि पत्रा वाकवायच्या आधी?"

तिथून पुढे बोलणं सुरू झालं. २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चार वर्षांच्या फायली घरी आणल्या. साठेक ऑर्डरी. पेपर तपासते तशी लाल पेन घेऊन बसले आणि प्रत्येक ऑर्डरमध्ये वेगळं काय मागितलं आहे त्याखाली रेघ मारली. लाल रेघा सगळीकडे पसरतील असं मला वाटलं होतं. त्या पाच-सहा जागीच साठल्या. जमिनीपासून उंची. माल काढायच्या दाराची जागा आणि झडप. मोटर कुठल्या बाजूला. ३०४ की ३१६. झाकण एक की दोन. लिटरचा आकडा बदलायचा, पण तो आम्हीच किलोवरून काढलेला. गिऱ्हाइकाने स्वतः लिटर मागितल्याची कागदं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शाफ्टचा व्यास, बेअरिंगची घरं, गिअरबॉक्स यांबद्दल एकानेही शब्द लिहिला नव्हता.

पुतण्याने त्यावरून ड्रॉइंगं बदलली. कुंड्यांची चार मापं, शंभर, दोनशे, तीनशे, पाचशे. शाफ्ट, बेअरिंगची घरं, मोटरची बैठक मोकळ्या वेळात करून ठेवायची. मोटरसाठी भोकं दोन्ही बाजूंना पाडायची, म्हणजे डावी-उजवीचा प्रश्न शेवटच्या दिवशीही सुटतो. चार भोकं वाया गेली तर गेली. सर्वांत मोठा बदल स्टँडचा. आधी ते एकसंध वेल्ड केलेलं असायचं. आता वरची चौकट वेगळी, पाय वेगळे, मध्ये बोल्ट. चौकटी आधी तयार, पायांचे पाइप वीस फुटी लांबीत तसेच उभे. उंची ठरली की कापायचे. हे फुकट नाही. फ्लँज आले, मशिनिंग आलं, बोल्ट ढिला पडला तर यंत्र थरथरणार. प्रत्येक यंत्रामागे खर्च वाढला, हे भाईजान अजून बोलून दाखवतो आणि ते खरं आहे. आणि कुंडीचा पत्रा? तो ॲडव्हान्स जमा झाल्यावर आणि ड्रॉइंगवर गिऱ्हाइकाची सही आल्यावरच रोलमध्ये घालायचा. ॲडव्हान्स आता साठ टक्के.

सहीचं काम माझ्याकडे आलं. लोक ड्रॉइंग न बघता सही करतात, पालक प्रगतिपुस्तकावर करतात तशी. म्हणून मी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मराठीत प्रश्न लिहायला लागले. तुमचं दार किती फूट रुंद आहे, यंत्र आत जाईल का? पोतं कोण उचलणार? या उंचीवर त्यांचा हात पोचतो का?

हा शेवटचा प्रश्न जुन्नरकडच्या एका बचत गटामुळे आला. बायकांचा मसाल्याचा उद्योग, सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतलं ३५ टक्के अनुदान आणि बाकी बँकेचं कर्ज. या योजनेतली गिऱ्हाइकं आधी कोटेशन नेतात. मग महिनेच्या महिने काही कळत नाही. दहा कोटेशनांतून किती ऑर्डरी होतील सांगता येत नाही, आणि मंजुरी आली की सगळ्यांना मार्चअखेरच्या आत यंत्र हवं. आधी करून ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही आणि भरवसा तर नाही, असा हा नमुना. पुतण्याने दोनशेचं ठरीव यंत्र दिलं असतं तर तीन आठवड्यांत जात होतं. भाईजान मात्र एसटीने जुन्नरला गेला. तिथल्या बायकांना पंचवीस किलोचं पोतं उचलून दाखवायला सांगितलं आणि टेप लावली. पोतं त्यांच्या छातीपर्यंत येत होतं. ठरीव यंत्राचा काठ त्याच्या वीतभर वर. "पहिल्या दिवशी उचलतील," तो म्हणाला, "महिन्याने कंबर जाईल, आणि मग यंत्र कोपऱ्यात जाईल." काठ खाली आणायचा तर तळाच्या दाराखाली पोतं उभं राहत नाही. मग पोत्याऐवजी पसरट पाटी घ्यायचं ठरलं. तेही त्या बायकांनीच सुचवलं.

पाय कापायला अर्धा दिवस लागला. बाकी यंत्र ठरीवच होतं आणि वेळेत गेलं. पुतण्या त्या दिवशी स्वतः टेम्पोबरोबर गेला. परत आल्यावर त्याने ड्रॉइंगमध्ये उंचीचा आकडा खोडून तिथे रिकामी चौकट ठेवली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. मागच्याच महिन्यात एकाला सातशे लिटरचं हवं होतं, पुतण्याने नाही म्हटलं आणि भाईजान दिवसभर जेवला नाही. तयार शाफ्टची एक चळत गेल्या पावसाळ्यापासून तशीच आहे. पण कुंडी एकही विनाकारण उभी नाही, आणि भाभीने एक बांगडी परत केली आहे.

सध्या माझ्यापुढे माहितीपत्रकाचं काम आहे. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं, तिथे वाटायला. पुतण्याने चार मापांचा तक्ता करून दिला आहे आणि बजावलं आहे, "फुफू, ते 'ग्राहकाच्या गरजेनुसार बनवून मिळेल' काढून टाका, त्या एका ओळीने आपली वाट लागते." भाईजानने त्याच कागदावर पेन्सिलीने लिहिलं आहे, ओळ राहू दे. मी ती काढलेली नाही. तक्त्यात उंचीचा रकाना रिकामा ठेवला आहे आणि ओळ त्या रकान्याखाली, एवढ्याशा अक्षरात, नेऊन ठेवली आहे. दोघांनाही अजून दाखवलेलं नाही.